पहिलटकराची धडधड

मुरुड म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला जंजिरा आठवतो आणि उरलेल्या निम्म्याला दापोलीजवळची वाळू. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. आपल्याकडं फलाट आहे, किनारा नाही. आणि त्या फलाटाला लागून गेलेला सर्वांत मोठा जलसाठा म्हणजे २०१६ सालची ‘जलदूत’ गाडी. त्या एप्रिलात ती मिरजेहून लातूरकडं निघाली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, दर वाघिणीत ५० हजार लिटर, आणि मुरुडकरांच्या डोळ्यांदेखत पुढं निघून गेली. त्याच्या आदल्या महिन्यात लातूर शहरात पाणी भरायच्या जागी पाचापेक्षा जास्त माणसं जमायला बंदी घातलेली होती. अशा जिल्ह्यातल्या माणसानं भल्या सकाळी डोक्याला रबरी टोपी चढवून शे-दोनशे अनोळखी लोकांसोबत एका तळ्यात एका शिट्टीला उतरायचं, निथळत बाहेर येऊन सायकलवर बसायचं, सायकल ठेवली की पळत सुटायचं, आणि एवढं सगळं पदरचे पैसे भरून करायचं. त्याच्या छातीत धडधडलं नाही तरच डॉक्टरला दाखवावं. ट्रायथलॉन म्हणतात ती हीच.

ही धडधड अंतराला घाबरून होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून घेतला पाहिजे. नवख्यांसाठी जी छोटी शर्यत असते, तिच्यात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं असतं. मुरुडहून लातूरच्या दिशेनं सायकल हाणली तर लातूर यायच्या आत २० किलोमीटर संपतात. पाच किलोमीटर पळण्याचं कौतुक भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना सांगितलं तर ती उभ्या उभ्या हसतील. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून जी ‘आयर्नमॅन ७०.३’ सुरू झाली, तिचं प्रकरण वेगळं. तिथं १.९ किलोमीटर समुद्रात पोहून झालं की ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर पळणं. म्हणजे मुरुडहून निघून बार्शी मागं टाकायची, आणि तिथल्या पाहुण्यांनी जेवायला थांबा म्हटलं तर नको म्हणून अर्धी मॅरेथॉन पळायची. त्याला घाबरणं समजू शकतं. पण छोट्या शर्यतीतल्या पहिलटकराची आदल्या रात्रीची अवस्था गोव्यातल्या पहिलटकरापेक्षा तसूभरही बरी नसते. दोघांनाही झोप येत नाही, दोघंही रात्री दोनला उठून सायकलच्या चाकातली हवा दाबून बघतात. अंतर चौपटीहून जास्त होऊनही भीती तेवढीच राहत असेल, तर भीतीचं मूळ अंतरात नसावं, एवढं अनुमान काढायला तर्कशास्त्र शिकावं लागत नाही.

मूळ कुठं आहे ते बघायचं तर मुरुडच्या बसस्थानकाच्या अंगाला कुठल्याही हॉटेलात चहा घेत बसावं. इथं पळायला कुणाची मनाई नाही. फक्त कारण पाहिजे. एस.टी. सुटायली, बैल सुटला, तहसीलची खिडकी बंद व्हायची वेळ झाली, अशा कारणांनी पळणाऱ्या माणसाकडं कुणी मान वर करून बघत नाही. काहीच सुटलेलं नसताना पळणारा माणूस दिसला की मात्र बशीतला चहा बशीत राहतो. “काय मालक, कुठं पळायलाव? मागं कोन लागलंय?” हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न थोड्या हळव्या आवाजात येतो: “शुगर निघाली काय?” कारण चाळिशीतला चांगला खातापिता माणूस डॉक्टरच्या धाकाशिवाय अर्ध्या चड्डीत रस्त्यावर येईल, हे आपल्या समाजाला पटतच नाही. तिसरा प्रश्न त्याला विचारत नाहीत, त्याच्या वडिलांना विचारतात.

म्हणून मुरुडचा पहिलटकर काय करतो, तर पहाटे साडेचारला उठतो. अंधारात पळतो, अंधारात सायकल चालवतो, उजाडायच्या आत घरी येऊन घाम पुसून सभ्य माणसासारखा पेपर वाचत बसतो. तीन-चार महिने ही चोरटी तयारी चालते. शर्यतीच्या दिवशी तो पहिल्यांदा उजेडात, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, दंडावर नंबर रंगवून माणसांपुढं उभा राहतो आणि त्याचे हातपाय गळतात. माझं म्हणणं असं की गफलत इथं होते. पहिल्या शर्यतीच्या भीतीवर जे औषध पुण्या-मुंबईत पैसे टाकूनही मिळत नाही, ते मुरुडात चौकाचौकात फुकट बसलेलं असतं. ते औषध म्हणजे बघे. आणि पहिलटकर नेमका त्यांनाच चुकवून तयारी करतो.

ही निव्वळ चहाच्या टेबलावरची बडबड नाही, तिला पुरावा आहे, आणि तो बराचसा सायकलवाल्यांकडून आलेला आहे. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अभ्यासकानं सायकल शर्यतींच्या वेळा काढून बघितल्या. एकट्यानं घड्याळाशी झुंजणारा गडी आणि बरोबरीला दुसरे घेऊन चालवणारा गडी, यांत सोबतीनं चालवणाऱ्याचा वेग जास्त भरला. मग त्यानं लहान मुलांच्या हाती मासे धरायच्या गळाची रिळं देऊन ती जोरात फिरवायला लावली. बऱ्याच पोरांचा हात सोबतीला दुसरं पोर असलं की जास्त वेगानं चालला. काही पोरं मात्र सोबतीनं एवढी गडबडली की त्यांचा हात उलट मंदावला. हे असं उलटसुलट का, याचं चांगलं उत्तर रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडलं: जे काम अंगवळणी पडलेलं असतं ते दुसऱ्यांच्या देखत अधिक जोरात होतं, आणि जे अजून नीट येत नाही ते दुसऱ्यांच्या देखत आणखी बिघडतं. चारचौघांत ठसक्यात पोळ्या लाटणारी बाई आणि चारचौघांत पहिल्यांदा भाषणाला उभा राहिलेला सरपंच, दोघांचाही उलगडा यात होतो.

झायन्सला एवढ्यावर समाधान नव्हतं. १९६९ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे उत्तर झुरळांवर तपासून बघितलं. एका टोकाला प्रखर दिवा, दुसऱ्या टोकाला अंधारी डबी, मध्ये सरळ वाट. दिवा लागला की झुरळ डबीकडं धावणार. वाटेच्या दोन्ही अंगांना पारदर्शक खोक्यांत आणखी झुरळं भरून ठेवली, प्रेक्षक म्हणून. सरळ वाट होती तेव्हा धावणारं झुरळ प्रेक्षकांसमोर जास्त वेगानं धावलं. वाट वळणाची आणि फसवी केली तेव्हा प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागला. शिष्यवृत्ती, अर्धी चड्डी किंवा वडिलांचा मान यांपैकी काहीही पणाला लागलेलं नसताना झुरळाची ही गत होते, तर मुरुडच्या माणसानं आपल्या धडधडीची लाज का बाळगावी? शिवाय पुढची वाटही यातूनच कळते. बघे काही टळत नाहीत, शर्यतीला ते असणारच. आपल्या हातात एवढंच आहे की वळणाची वाट आधी सरळ करून ठेवायची, आणि तीही बघ्यांच्या देखतच.

इथं एक वाजवी शंका निघते. अंगवळणी पडलेलं काम बघ्यांपुढं बिघडत नाही म्हणता, मग जगातले कसलेले खेळाडू का चुकतात? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं उदाहरण घ्या. हाइड पार्कमध्ये घरच्या गर्दीपुढं जोनाथन ब्राऊनली उतरला होता, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या दोन-तीन ट्रायथलीटांपैकी एक. पाण्यातून बाहेर आला, सायकल घेतली आणि सायकलवर बसायची जी रेघ आखलेली असते तिच्या आधीच टांग मारली. १५ सेकंदांची शिक्षा झाली. सोन्याचं पदक त्याच्या थोरल्या भावानं, ॲलिस्टरनं नेलं. जोनाथनला कांस्य मिळालं. पण जरा बारकाईनं बघा: त्याचं पोहणं बिघडलं नाही, पाय बिघडले नाहीत, शिक्षा भोगूनसुद्धा पळण्यात तो पदकात राहिला. चूक झाली ती टांग मारण्यात, जी शाळेतलं पोरगंही मारतं. मोठ्या कामाची घोटाई वर्षानुवर्षं झालेली असते, त्यामुळं भीतीला तिथं शिरकाव मिळत नाही. ती किरकोळ कामात शिरते. म्हणून किरकोळ कामालाच किरकोळ समजू नये.

या किरकोळ कामांचं माहेरघर म्हणजे दोन खेळांमधली ती जागा, जिथं सायकली ओळीनं अडकवून ठेवलेल्या असतात. पहिलटकर पाण्यातून धापा टाकत येतो. आपली सायकल कुठली ते त्याला आठवत नाही, कारण जाताना सायकल उजव्या हाताला होती आणि येताना जगच उलटं झालेलं आहे. सापडली तर पुढची परीक्षा मोज्याची. कोरड्या पायात मोजा घालणं आणि ओल्या पायात घालणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. ओल्या पायात मोजा अंगठ्यापाशी अडतो, ओढला की टाचेचा भाग फिरून घोट्यावर येतो, माणूस एका पायावर लंगडी घालत शेजारच्याच्या टॉवेलवर उभा राहतो, आणि शेजारचा तोपर्यंत बिनमोज्याचा निघूनही गेलेला असतो. मग शिरस्त्राण. नियम असा की आधी त्याचा पट्टा हनुवटीखाली लावायचा, मगच सायकलला हात लावायचा. एरवी हा पट्टा पाच वर्षांचं पोरही लावतं. पण नाडी एकशे सत्तरावर असताना बोटं ऐकत नाहीत, आणि टिक असा आवाज यायला जो वेळ लागतो त्यात माणसाला आपण या सगळ्यात का पडलो याचा सविस्तर विचार करता येतो.

याची तयारी घराच्या अंगणात होते आणि तिला तलाव लागत नाही, एक तांब्या पाणी पुरतं. पायांवर पाणी ओतायचं, मोज्यांत आधीच पावडर टाकून ते बोटांपर्यंत गुंडाळून ठेवायचे, शिरस्त्राण सायकलच्या दांडीवर उलटं टांगायचं, पट्टे दोन्हीकडं मोकळे. मग फाटकापासून धावत यायचं आणि सगळं क्रमानं करायचं. पुन्हा. परत पुन्हा. आणि हे संध्याकाळी पाचला करायचं, शाळा सुटल्यावर. पहिल्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं कुंपणावर बसतील. शेजारच्या आजी आपल्या सुनेला विचारतील, “ह्याला झालंय तरी काय गं? सारखं पाय भिजवून घ्यायलाय.” दुसऱ्या दिवशी पोरं घड्याळ लावतील. चौथ्या दिवशी तीच पोरं ओरडतील, “काका, आधी टोपी, मग सायकल!” आठवड्यानं कुणीही बघायला येणार नाही. त्या दिवशी समजावं की मोजा, पट्टा आणि टांग अंगवळणी पडली. पुण्यातल्या सोसायटीत हे शक्य नाही. तिथं शेजाऱ्याला शेजाऱ्याशी देणंघेणं नसतं, माणूस वर्षभर पार्किंगमध्ये मोजे घालत बसला तरी फार तर वॉचमन विचारेल की साहेब, गाडी काढायची आहे का.

लातूर जिल्ह्याला खरं तर हे नव्यानं सांगायला नको. आख्खा ‘लातूर पॅटर्न’ याच पायावर उभा आहे. राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांनी दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरचं नाव लावलं, त्यामागं शिकवणं होतंच. पण परीक्षेसारखी परीक्षा सारखी सारखी घेण्याचा सपाटाही होता. तोच हॉल, तोच वेळ, तीच घंटा, आता तर तेच काळे करायचे गोल. पन्नासाव्या सराव परीक्षेला बसलेल्या पोराला हॉलमधल्या पर्यवेक्षकाची भीती वाटत नाही. पर्यवेक्षकालाच त्याचा कंटाळा आलेला असतो. याच पॅटर्ननं कित्येक लेकरांची झोप उडवली, पोटं बिघडवली, आणि काहींच्या बाबतीत त्याहून वाईट झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथला ताण सरावामुळं येत नाही, जागा मोजक्या असल्यामुळं येतो: तुझा एक गुण गेला की तुझी जागा दुसऱ्याला. ट्रायथलॉनमध्ये पहिलटकराची जागा कुणी घेत नाही. गोव्याला सगळं मिळून ८ तास ३० मिनिटांची मुदत असते. तेवढ्यात आलात की झालं. तेव्हा लातूरकडून घ्यायचा तो सरावाचा रतीब घ्यावा, आणि निकालाची धास्ती क्लासच्या दारातच चपलांबरोबर सोडावी.

आता सर्वांत जड आक्षेप. बघे ठीक आहेत, पण पाण्यात बुडणाऱ्याला झुरळांचा सिद्धांत वाचवत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले अचानक मृत्यू, हृदय बंद पडून वाचलेले लोक आणि जीवघेणे अपघात यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण १३५ घटना, त्यांतल्या ९० पोहताना. सायकलवरून पडायला माणूस जास्त घाबरतो, पण धोका पाण्यात जास्त. त्यात पुरुषांचं प्रमाण बरंच होतं आणि वयाबरोबर धोका वाढत होता. तेव्हा पाण्याची भीती ही ‘लोक काय म्हणतील’च्या जातीची भीती नाही, तिचं ऐकावं. चाळिशी ओलांडलेल्यानं आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि ज्याला उघड्या पाण्यात पोहायचा सराव नाही त्यानं केवळ हिंमत म्हणून उतरू नये. हिंमत पाण्यावर तरंगत नाही.

आपल्याकडं पोहणं शिकतात ते विहिरीत, पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून. या विद्येची गंमत अशी की ती उभी आहे, आडवी नाही. विहिरीत माणूस सूर मारायला शिकतो, मुटका मारून काठावरच्यांना भिजवायला शिकतो, बुडी मारून तळाची माती आणायला शिकतो. पण दहा हात गेलं की पुढं दगड. सलग ७५० मीटर म्हणजे काय हे विहीर शिकवूच शकत नाही, आणि मे महिन्यात तर तिच्यात गुडघाभर पाण्यात उभं राहूनच पोहावं लागतं. त्यासाठी लातूरचा जलतरण तलाव गाठावा लागतो. २५ मीटरचा असेल तर ३० फेऱ्या. आणि तलावही पुरत नाही, कारण तळ्यात खाली आखलेली रेघ नसते, टेकायला भिंत नसते, आणि दुसऱ्याची लाथ कुठून येईल ते सांगता येत नाही. कोल्हापूरच्या राजाराम तलावात पोहायचा टप्पा ठेवून शर्यती झालेल्या आहेत. अशा ठिकाणी उतरायचं तर आधी जाणत्या माणसाबरोबर, होडी जवळ असताना, मोकळ्या पाण्यात पोहून बघावं. मात्र विहिरीनं एक गोष्ट अशी शिकवलेली असते की जी तलावातल्या रांगेत शिकलेल्यांना कित्येकदा येत नाही: उताणं पडून आभाळाकडं बघत राहणं. दम लागला, घाबरं झालं, की पाठीवर पडायचं आणि श्वास जागेवर आणायचा. बचावाची होडी धरून थांबलं तरी नियमात बसतं, तिच्या आधारानं पुढं सरकलं नाही म्हणजे झालं. सुरुवातीला गर्दीच्या मागं आणि कडेला उभं राहावं. आणि पाणी जमतच नसेल तर ड्युएथलॉन आहे, पळणं-सायकल-पळणं. जलदूतच्या मार्गावरच्या माणसानं तिथून सुरुवात केली तर त्याला कुणी कमी लेखू नये. पॅरिसनं सेन नदी साफ करायला अब्जावधी खर्चले, तरी पाणी पोहण्याजोगं नाही म्हणून २०२४ च्या ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या ट्रायथलॉनला एक दिवस थांबावं लागलंच.

रस्त्याच्या भीतीचंही असंच. उसाच्या हंगामात लातूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागं दिवा नसताना चालतात. त्यांच्या मधून पहाटे अंधारात सायकल चालवणं याला कुणी शौर्य म्हणू नये. उजेडात चालवा म्हणण्याला बघ्यांखेरीज हेही एक कारण आहे.

दुसरा आक्षेप बायकांच्या बाजूनं येतो आणि त्याला माझ्याकडं हजरजबाबी उत्तर नाही. पुरुषाकडं चौक बघतो तो कुतूहलानं, फार तर टिंगलीनं. बाई ट्रॅक पँट घालून त्याच चौकातून पळाली तर बघणं त्याच जातीचं राहत नाही, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं ‘बघ्यांची सवय करून घे’ असं तिला सांगणं म्हणजे दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्यानं घ्यायचं. तिच्यापुरतं माझं म्हणणं एवढंच की चार-पाच जणींनी मिळून पळावं, आणि सवय करायचं काम चौकानं करावं.

तिसरा आक्षेप: लोक हसतील, आणि हसण्यानं माणूस खचतो. हसतील, हे खरं. पण बघ्यांना आपण उगाच निर्दय समजतो. १९७८ साली हवाईत पहिली ‘आयर्नमॅन’ झाली तेव्हा १५ जण उतरले, १२ जण पुरे झाले, आणि बघे म्हणावे असे जवळजवळ नव्हतेच. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबरच्या मदतनीसांकडचं पाणी मॅरेथॉनमध्ये संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. पाणी संपल्यावर काय काय करावं लागतं हे लातूरकरांना समजावून सांगायला नको. फक्त आपल्याकडं रेल्वे आली. एवढी नाट्यमय शर्यत होऊनही जगानं दखल घेतली नाही. दखल घेतली ती १९८२ साली. ज्युली मॉस नावाची तरुणी पहिल्या नंबरावर होती, शेवटच्या काही मीटरांवर कोसळली, आणि हातापायांवर सरपटत रेघेपर्यंत गेली. दुसरी बाई तिला ओलांडून जिंकली. हे सगळं दूरचित्रवाणीवर दिसलं. बघणारे हसले का? त्यांनी नावनोंदणी केली. हा खेळ जो फोफावला तो बऱ्याच अंशी एका सरपटणाऱ्या बाईला बघून. जिंकलेलीचं नाव कॅथलीन मॅकार्टनी होतं, हे आज किती जणांना आठवतं?

राहता राहिलं ते हितचिंतकांचं ‘टेन्शन घेऊ नको’. लातूर जिल्ह्यात ‘राम राम’च्या खालोखाल म्हटलं जाणारं हे वाक्य आहे आणि त्याचा आजवर कुणालाही उपयोग झालेला नाही. धडधडणाऱ्या छातीला ‘गप बस’ म्हटल्यानं ती गप बसत नाही. अंगात ॲड्रिनलिन चढलं की नाडी वाढते, पोटाकडचं रक्त हातापायांकडं वळतं, तोंड कोरडं पडतं, पोटात कळ येते. शरीर आपल्या परीनं पळायची तयारी करत असतं, आणि तुम्हाला पळायचंच असतं. २०१४ साली हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी लोकांना गाणं म्हणायला, भाषण द्यायला, गणितं सोडवायला लावून बघितलं. ‘मला जोर चढलाय’ अशी स्वतःची समजूत घातलेल्यांचं काम ‘शांत हो’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा सरस झालं. तेव्हा सकाळी शौचालयापुढच्या रांगेत उभं राहून आपल्याला भीती वाटतेय असं न म्हणता अंगात वारं भरलंय असं म्हणावं. त्या रांगेची दुसरी मजा अशी की तुमच्या पुढं उभा असलेला, जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीची कार्बनची सायकल घेऊन आलेला गृहस्थ, तोही पोट धरून उभा असतो. सायकल बघून जो धसका बसलेला असतो तो तिथं बराच उतरतो.

शर्यत झाल्यावर मुरुडात जे प्रश्न येतील त्यांचीही तयारी आधीच केलेली बरी, कारण ते पाण्यापेक्षा अवघड असतात. “बक्षीस काय भेटलं?” याला “मेडल” म्हणावं, सगळ्यांनाच मिळतं हे आपण होऊन सांगू नये. “पैसे किती लागले?” याला निम्मा आकडा सांगावा, आणि घरी एकच आकडा ठरवून ठेवावा, कारण हाच प्रश्न घरच्यांनाही विचारला जातो. “कितवा आलाव?” हा मात्र चुकत नाही. याला “आमच्या वयोगटात नववा” असं सरळ उत्तर द्यावं. गटात किती जण होते, ते कुणी विचारलंच तर तोवर चहा आलेला असतो.